दिवाळखोरीपूर्व गैरप्रदाने आणि संचालकांचे दायित्व : कल्याण परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
कायद्याच्या दृष्टीने कंपनी ही स्वतंत्र व्यक्ती आहे. त्यामुळे कंपनीचे कर्ज संचालकांनी स्वतःच्या खिशातून फेडावे, अशी अपेक्षा सर्वसाधारणपणे केली जात नाही. मात्र कंपनी बुडण्याच्या बेतात असताना तिच्या तिजोरीतील पैसा मर्जीतल्या धनकोला, नातलगाच्या पेढीला किंवा संचालक स्वतः जामीन असलेल्या कर्जाच्या फेडीसाठी दिला गेला, तर त्याचा भार उरलेल्या धनकोंवर आणि कामगारांवर पडतो. अशा प्रदानांचा हिशेब किती मागे जाऊन मागता येतो, या प्रश्नाचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

कायद्याची वाटचाल :
भारतीय कंपनी कायद्याने या बाबतीत प्रारंभी इंग्रजी कायद्याचेच अनुकरण केले. १९१३ च्या अधिनियमात दोन स्वतंत्र उपाय होते. कलम २३१ अन्वये एखाद्या धनकोला दिलेले कपटपूर्ण प्राधान्य रद्द करता येई. कलम २३५ अन्वये कंपनीचा पैसा गैरमार्गाने वापरणाऱ्या संचालकाकडून तो वसूल करता येई. हे दोन्ही उपाय १९५६ च्या अधिनियमात अनुक्रमे कलम ५३१ व ५४३ म्हणून आले. कपटपूर्ण प्राधान्यासाठी पूर्वी तीन महिन्यांपर्यंतच मागे जाता येत असे. १९५६ मध्ये ही मर्यादा सहा महिने झाली. नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ ने ती त्रयस्थ धनकोंच्या बाबतीत एक वर्ष आणि संबंधित पक्षांच्या बाबतीत दोन वर्षे केली.

मुदतीबरोबर कसोटीही बदलली. जुन्या कायद्यात प्राधान्य देण्यामागचा हेतू सिद्ध करावा लागे. संहितेच्या कलम ४३ मध्ये हेतू गौण ठरला आणि परिणाम महत्त्वाचा झाला. जेपी इन्फ्राटेक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ही भूमिका स्पष्ट केली. तेथे कंपनीने आपली जमीन स्वतःच्या कर्जासाठी नव्हे, तर मूळ कंपनीच्या कर्जासाठी गहाण ठेवली होती. त्याआधी सुप्रीम बँक लिमिटेडच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले होते की, कारभाराशी दीर्घकाळ निकटचा संबंध असलेल्या संचालकास उघड दिसणाऱ्या गैरव्यवहाराकडे डोळेझाक करून जबाबदारी टाळता येत नाही.

इंग्लंडमधील वेस्ट मर्सिया प्रकरण (१९८८) या संदर्भात उद्बोधक आहे. तेथे एका संचालकाने नादार कंपनीच्या खात्यातून चार हजार पौंड मूळ कंपनीला दिले. त्या मूळ कंपनीच्या कर्जाला तो स्वतः जामीन होता. देणे खरे होते, तरीही ते प्रदान कर्तव्यभंग ठरले. २०२२ च्या सिक्वाना निकालात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व मान्य केले. मात्र धनकोंच्या हिताचा विचार करण्याचे कर्तव्य नादारीचा निव्वळ संभव असताना लागू होत नाही, असेही सांगितले.

काळाचा पेच :
या वाटचालीचा स्थानिक अर्थ कल्याणजवळच्या मोहने येथे दिसतो. १९४६ साली स्थापन झालेल्या नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा, म्हणजे एनआरसीचा, तेथील कारखाना नोव्हेंबर २००९ मध्ये बंद पडला. कंपनीची नादारी प्रक्रिया मात्र २०१८ मध्ये सुरू झाली. येथे कोणावरही दोषारोप करण्याचा हेतू नाही. विचार फक्त तारखांचा आहे. दोन वर्षांची मर्यादा २०१८ पासून मागे मोजली तर ती २०१६ मध्ये संपते. तोपर्यंत यंत्रे थांबून सुमारे सात वर्षे झाली होती. ज्या काळातील व्यवहार तपासणे सर्वांत आवश्यक, तो काळ या खिडकीच्या बाहेर राहतो.

हा विलंब केवळ एका कंपनीपुरता नाही. आजारी औद्योगिक कंपन्या (विशेष तरतुदी) अधिनियम, १९८५ मधील कलम २२ मुळे मंडळाच्या संमतीशिवाय कंपनी गुंडाळण्याची कार्यवाही पुढे नेता येत नसे. उद्योग वाचवण्यासाठी दिलेले हे संरक्षण अनेकदा दीर्घकाळ चाले. १ डिसेंबर २०१६ रोजी तो अधिनियम निरसित झाला. संहितेचे कलम ६६ अशा जुन्या व्यवहारांनाही लागू करता येते. त्याला अशी वर्षमर्यादा नाही. परंतु तेथे कपटाचा हेतू, किंवा नादारी टळणार नाही हे माहीत असूनही संचालकाने योग्य दक्षता न घेतल्याचे, सिद्ध करावे लागते. जुन्या हिशेबवह्या व साक्षीदार हाती नसताना हे कठीण होते.

निष्कर्ष :
मुदत अमर्याद वाढवावी, असे म्हणता येणार नाही. तसे झाल्यास नेहमीच्या व्यवहारात प्रामाणिकपणे देणी फेडणाराही असुरक्षित होईल. संहिता अशा सर्वसाधारण व्यवहारांना वगळते, ते योग्यच आहे. प्रश्न मुदतीच्या लांबीपेक्षा तिच्या आरंभबिंदूचा आहे. न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतल्याच्या तारखेऐवजी उत्पादन थांबल्याची किंवा पहिल्या थकबाकीची तारीख धरली, तर संबंधित पक्षांना झालेली प्रदाने तपासाच्या कक्षेत येतील. दीडशे वर्षांत कायद्याने संचालकाच्या मनातील हेतू शोधण्याकडून व्यवहाराचा परिणाम पाहण्याकडे प्रवास केला. मोहन्याच्या कामगारासाठी त्याचा उपयोग व्हायचा असेल, तर कायद्याचे घड्याळ कारखान्याच्या भोंग्याशी जुळवावे लागेल.