म्हैसूरच्या दिव्यामागचे हळदणकर

आजचा भाग चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांच्यावर आहे. नाव कदाचित ऐकलं नसेल, पण त्यांचं एक चित्र तुम्ही नक्की पाहिलंय. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधली ती हातात दिवा घेतलेली स्त्री! इथे राजाजीनगरात आपल्याकडे गावाहून पाहुणे आले की म्हैसूरची सहल ठरलेलीच. चित्रासमोर उभे राहिले की दहातले नऊ जण म्हणतात, "व्वा, रविवर्मा!"

फौजेत एक सवय लागते : बातमी आली की आधी तारीख तपासायची. राजा रविवर्मा वारले १९०६ साली. या चित्रासाठी उभी राहिली ती हळदणकरांची मुलगी गीता, लग्नानंतरच्या गीता उपळेकर. वयाची शंभरी ओलांडून त्या २०१८ मध्ये कोल्हापुरात वारल्या. म्हणजे रविवर्मा गेले तेव्हा त्यांचा जन्मही झालेला नव्हता. विषय संपला.

आता माणसाकडे वळू. हळदणकरांचा जन्म १८८२ चा, सावंतवाडीचा. चित्रकलेतला हात पाहून संस्थानने मदत केली आणि १९०३ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. प्राचार्य होते सेसिल बर्न्स, शिकवायला धुरंधर. समोर माणूस बसवून नेमकं रेखाटन करायचं, उजेड कुठून येतो ते पाहायचं, ही तिथली शिस्त. व्यक्तिचित्रकाराचा पाया तिथे पक्का झाला. १९०८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली आणि पिढ्या घडवल्या. १९१८ मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडिया स्थापन करणाऱ्यांतही ते होते. १९२५ मध्ये एका मुस्लिम यात्रेकरूच्या तैलचित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं.

मग दिव्याचं चित्र वेगळं का? कारण ते तैलरंगात नाही, जलरंगात आहे. तैलरंगात उजेड वरून चढवता येतो, चुकलं तर पुसता येतं. जलरंगात कागदाचा पांढरेपणा हाच उजेड. तो आधीपासून राखून ठेवायचा आणि भोवती अंधार थराथराने गडद करत न्यायचा. एकदा तो झाकला गेला की तसाच्या तसा परत मिळत नाही. ज्योतीआड धरलेली बोटं पाहा : उजेड त्यांच्यातून लालसर झिरपतो. चेहरा उजळतो आणि मागे सावली पडते. चित्रात उजेड एकच, त्या दिव्याचा. आयुष्यभर माणसांचे चेहरे रंगवलेल्या हातालाच हे जमावं.

गंमत बघा, चित्राच्या प्रती कॅलेंडरांवरून घरोघरी गेल्या, पण चित्रकाराचं नाव मागेच राहिलं. रविवर्मा मोठेच, त्यांची स्वतःची चित्रं त्याच पॅलेसमध्ये आहेत. त्यांना दुसऱ्याच्या श्रेयाची गरज नाही. हळदणकर १९६८ मध्ये गेले. स्वतःची बाजू मांडायला ते आता येणार नाहीत, ते काम आपलं.

तेव्हा पुढच्या वेळी पाहुण्यांना म्हैसूरला न्याल, तेव्हा एवढंच सांगा : हे चित्र सावंतवाडीच्या हळदणकरांचं, आणि दिवा धरलाय तो त्यांच्या लेकीने. भेटू पुढच्या भागात. जय हिंद.