तुमची पट्टी कोणती?

मंडळी, आपल्या दिवाळीच्या कार्यक्रमासाठी दरवर्षी नट निवडायची वेळ आली की मला तीन वर्षांपूर्वीचा एक शुक्रवार आठवतो. 'सौभद्र'मधले दोन प्रवेश बसवायचे ठरलं होतं. तुबलीतल्या आमच्या इमारतीच्या खालच्या हॉलमध्ये ऑडिशन ठेवली होती. एसीची घरघर, बाहेर गॅरेजवाल्यांची ठोकाठोक, आणि दार उघडलं की खाडीवरून येणारा तो आपल्या सर्वांच्या ओळखीचा वास! पेटीवर मी. समोर वही, वहीत रकाने : नाव, पट्टी, सूर, ताल, उच्चार, शेरा.

पंधरा-सोळा जण येऊन गेले. शेवटी एक गृहस्थ आले. इथल्याच एका वर्कशॉपमध्ये फोरमन, मूळचे कुडाळकडचे. डबल ड्यूटी करून तसेच आले होते. मी सवयीने विचारलं, "तुमची पट्टी कोणती?" ते हसले. म्हणाले, "माका ती पट्टीबिट्टी काय समाजणा नाय. तुम्ही वाजवा, मी गातंय."

मी काळी एक दिली. त्यांनी तिसऱ्याच सुरात गायला सुरुवात केली. आवाज असा खणखणीत की बाहेरची ठोकाठोक थांबली की काय असं वाटलं. पण मी वहीत लिहिलं, 'पट्टी नाही. भजनी वळण.' आणि नेहमीचं वाक्य सांगितलं, "कळवतो तुम्हाला." कळवलं नाही. कळवायचं नव्हतंच.

पुढच्या उन्हाळ्यात सुट्टीवर पुण्याला गेलो असताना संगीत नाटकाच्या इतिहासावरची चार पुस्तकं चाळली, ती खरं तर पुढच्या वर्षाचे प्रवेश निवडण्यासाठी. पण वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली, आणि ती काही केल्या मनातून जाईना. ज्या कंपन्यांच्या नावाने आपण उसासे टाकतो, त्या कंपन्यांनी माझी ही वही पाहिली असती तर ती चुलीत घातली असती!

सुरुवातीपासून सांगतो. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात पारशी मंडळींचं 'इंद्रसभा' पाहिलं आणि मराठीत असं गाण्याचं नाटक का होऊ नये, हा विचार त्यांच्या डोक्यात घुसला. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला, म्हणजे ऐन दिवाळीच्या दिवसांत, 'शाकुंतल'चे पहिले चार अंक रंगभूमीवर आले. हे अण्णासाहेब कोण? सरकारी नोकरीतले गृहस्थ. म्हणजे ऑफिस करून नाटक करणारे, आपल्यासारखेच! मोरोबा वाघोलीकर, बाळकोबा नाटेकर हे त्यांचे सुरुवातीचे सोबती. तयार 'संगीत नट' नावाची जात तेव्हा अस्तित्वातच नव्हती. अण्णासाहेबांना ती तयार करावी लागली.

मग १८८२ मध्ये बडोद्याहून भाऊराव कोल्हटकर कंपनीत आले. वय जेमतेम एकोणीस. त्याच वर्षी 'सौभद्र' आलं आणि भाऊराव सुभद्रा झाले. 'सौभद्र'मध्ये शंभराहून अधिक पदं. एवढी पदं पेलणारा गळा पाहून त्यांना घेतलं, हे खरं. पण नट म्हणून ते घडले कंपनीत, तालमींमध्ये. पुढे वय वाढलं तसे ते पुरुषभूमिकांकडे वळले, तरी प्रेक्षकांचे 'भावड्या' ते भावड्याच राहिले. १९०१ साली वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी ते गेले आणि कंपनीपुढे प्रश्न उभा राहिला : आता नायिका कोण?

याचं उत्तर आपल्याला माहीत आहे, पण त्यातली गंमत आपण विसरतो. नारायण श्रीपाद राजहंस हा मुलगा गात असे सुरेख, पण त्याला ऐकू कमी येत असे. गाणाऱ्याला ऐकू कमी! आपल्या रकान्यांत हा मुलगा कुठे बसला असता? कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्याच्या कानावर मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात उपचार करवले, आणि त्याच मिरजेत १९०५ साली तो किर्लोस्कर कंपनीत दाखल होऊन शकुंतला म्हणून उभा राहिला. तेच आपले बालगंधर्व.

इथे गोष्ट संपत नाही, सुरू होते. कंपनीत घेतलं म्हणजे भूमिका दिली आणि मोकळे झाले, असं नव्हतं. 'शारदा'कार गोविंद बल्लाळ देवल हे तालीममास्तर. वाक्य कसं टाकायचं, कुठे थांबायचं, पदर कसा सावरायचा, हे सगळं त्यांनी घोटून घेतलं. एकत्र राहणं, एका पंगतीत जेवण, आणि रोज तालीम. १९११ मध्ये 'मानापमान'ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, १९१६ मध्ये 'स्वयंवर'ला भास्करबुवा बखल्यांनी. म्हणजे कंपनीत शिरताना जी परीक्षा झाली ती पाच मिनिटांची, आणि त्यानंतरचं शिक्षण दहा-बारा वर्षांचं!

आता या भास्करबुवांचीच गोष्ट सांगतो, कारण मला झोप लागू दिली नाही ती यांनी. हे बुवा स्वतः लहानपणी किर्लोस्कर कंपनीतच होते. १८८४ च्या 'रामराज्यवियोग'मध्ये त्यांनी कैकेयी केली. सुप्रसिद्ध बीनकार बंदे अली खाँसाहेबांनी मुलाचा गळा ऐकून त्याला जवळ केलं. आणि मग व्हायचं तेच झालं. वयात आल्यावर आवाज फुटला. बालनटाचा आवाज फुटला की कंपनीच्या लेखी त्याची किंमत शून्य. भास्करना कंपनी सोडावी लागली.

मुलगा मात्र गाणं सोडायला तयार नव्हता. बडोद्याला फैज महंमद खाँ, मग आग्रा घराण्याचे नत्थन खाँ, पुढे अल्लादिया खाँ अशी वर्षानुवर्षं त्यांनी विद्या मिळवली. १९११ मध्ये पुण्यात भारत गायन समाज स्थापन केला. आणि ज्या नारायणरावांना किर्लोस्कर कंपनीने घडवलं, त्यांनी १९१३ मध्ये स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढल्यावर गाण्यासाठी हात धरला तो याच बुवांचा. आवाज गेला म्हणून जो मुलगा बाहेर पडला होता, तोच गुरू होऊन परत आला! 'स्वयंवर'चं संगीत आपण आज शंभर वर्षांनंतरही ऐकतो. ते त्या नाकारलेल्या मुलाचं संगीत आहे.

मी विचार करत राहिलो. बुवांच्या जिद्दीमुळे ते परत आले, हे ठीक. पण अशी जिद्द किती जणांत असते? बाकीची किती मुलं आवाज फुटल्यावर मुकाट्याने गावी गेली असतील? त्यांची नावं कुठल्याच पुस्तकात नाहीत. कंपन्याही चुकत होत्या. फरक एवढाच, की एकदा घेतलेल्याला त्या शिकवत होत्या.

केशवराव भोसल्यांचं उदाहरण बघा. कोल्हापूरचा गरीब घरातला मुलगा, लहान वयात स्वदेश हितचिंतक मंडळीत गेला, 'शारदा' म्हणून गाजला, आणि १९०८ मध्ये हुबळीला त्याने स्वतःची 'ललितकलादर्श' काढली. तेव्हा विशीसुद्धा ओलांडली नव्हती. १९२१ च्या जुलैमध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत 'संयुक्त मानापमान' झालं, त्यात केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. दोघेही कंपनीच्या शाळेतून निघालेले.

मग १९३१-३२ मध्ये बोलपट आले. कंपन्यांचं गणित बिघडलं, एकेक करून बिऱ्हाडं उठली. आपण म्हणतो सिनेमाने संगीत नाटक मारलं. मला वाटतं, त्याहून मोठं नुकसान वेगळंच झालं. शिकवायची जागा गेली. तोवर नट निवडला जायचा आणि मग घडवला जायचा. आता घडलेलाच नट निवडावा लागू लागला, आणि घडलेले नट दरवर्षी कमी होत गेले.

पण गाणं थांबलं नाही, आणि ते पुन्हा उभं केलं कोणी? नोकरदारांनी! १ मे १९६४ ला धी गोवा हिंदु असोसिएशनने 'मत्स्यगंधा' आणलं. नाटक कानेटकरांचं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. त्यातले रामदास कामत एअर इंडियात नोकरीला. डिसेंबर १९६७ मध्ये 'कट्यार काळजात घुसली' आलं. त्यातले खाँसाहेब, म्हणजे आपले वसंतराव देशपांडे, यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं मिलिटरी अकाउंट्सच्या कचेरीत खर्डेघाशी केली होती. पण त्यांच्यामागे अभिषेकींसारखा माणूस तालमीला बसलेला होता. कंपनी नव्हती, बिऱ्हाड नव्हतं, तरी शिकवणं होतं. कचेरी सुटल्यावरच्या तासांतही ते होऊ शकतं, हे या लोकांनी दाखवून दिलं.

आता आपल्याकडे येऊ. परदेशातल्या मंडळात वेळ किती? तीन महिने, त्यातले शुक्रवार, म्हणजे दहा-बारा तालमी. तेवढ्यात कोणाला काय शिकवणार, असं आमच्या कमिटीत सगळेच म्हणतात, आणि त्यात तथ्यही आहे. इंग्रजी संगीत नाटकवाले तर ऑडिशनला सोळा बार ऐकून पुढचा नंबर पुकारतात. पण त्यांच्याकडे दारात रांग असते. आपल्याकडे रांग कुठे आहे? आपल्याकडे मराठी बोलणारी, त्यातून गाणारी, त्यातून शुक्रवारी मोकळी असणारी माणसं मोजून पंधरा! त्यातली दहा नाकारली तर पुढच्या वर्षी पाचच येतात. हे माझ्या वहीतूनच मला कळलं. मागच्या पानांवरची नावं पुढच्या पानांवर नव्हती.

म्हणून यंदा मी रकाने बदलले. पट्टी विचारत नाही, मीच शोधतो. माणसाला साधं बोलायला लावायचं, त्याचा आवाज सहज जिथे बसतो तिथे पेटीवर बोट ठेवायचं, की पट्टी सापडते. पूर्वी सुभद्रा आणि अर्जुन दोघेही पुरुष, त्यामुळे पट्टीचा घोळ कमी. आज सुभद्रा काळी चारमध्ये गाणार आणि अर्जुन काळी एकमध्ये. मग पेटीवाल्याने जुळवून घ्यायचं. ती त्याची मेहनत आहे, उमेदवाराचा दोष नव्हे.

दुसरं, नुसतं पद म्हणायला सांगत नाही. पदाच्या आधीचं एक वाक्य बोलायचं आणि त्यातून पदात शिरायचं. संगीत नाटकाची सगळी कसोटी त्या उंबरठ्यावर आहे. गाण्याच्या परीक्षा दिलेल्या आमच्या एक ताई सुरेख गातात, पण वाक्य संपवून, घसा साफ करून, मैफिलीला बसल्यासारखी सुरुवात करतात. उलट इथेच जन्मलेली, इंडियन स्कूलमध्ये शिकणारी सोळा वर्षांची एक मुलगी 'ळ'चा 'ल' करते, ताल थोडा सोडते, पण तिचं बोलणं कधी संपलं आणि गाणं कधी सुरू झालं ते कळतच नाही! 'ळ' शिकवता येतो. ते दुसरं शिकवायला मला जमणार नाही. सुभद्रा तिला दिली. ताईंना वाईट वाटलं, हे लपवत नाही. मी त्यांच्या घरी जाऊन कारण सांगितलं. आता त्याच मुलीला पदं शिकवताहेत.

आणि फोरमनसाहेब? ते तुबलीतच आहेत. कोल्ड स्टोअरमध्ये भेटायचे, मान हलवून पुढे जायचे. आमच्या कार्यक्रमांना पुन्हा कधी आले नाहीत. यंदा मी त्यांना तिथेच थांबवलं आणि म्हटलं, "त्या वेळी कळवतो म्हणालो आणि कळवलं नाही. चूक झाली." ते दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाले, "असां चलताच, साहेब." मी म्हटलं, एक वाक्य बोलून मग गाऊन दाखवाल का?

दुसऱ्या शुक्रवारी आले. तेव्हा कुठे कळलं, की गावी हा माणूस दहा वर्षं दशावतारात राजा उभा करत असे. रात्र रात्र, लिहिलेली संहिता नसताना, बोलता बोलता गाणं आणि गाता गाता बोलणं. जे मी उमेदवारांत शोधत होतो ते त्यांच्या हाडीमाशी होतं, आणि मी वहीत लिहिलं होतं 'भजनी वळण'!

मोठी भूमिका त्यांनी घेतली नाही. शिफ्ट बदलत असते, ऐन वेळी घोटाळा नको, म्हणाले. नांदीला मात्र उभे राहणार आहेत. पट्टी विचाराल तर काळी तीन. मी शोधली.

पडदा उघडेल तेव्हा पहिला आवाज त्यांचा असेल. जरा वेळेवर या.

सर्वांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा!