रस्त्यावांचून प्रवास : जॉर्ज वायमन, १९०३

यंत्राचा इतिहास सांगतांना आपण बहुधा यंत्राविषयींच बोलतों. तें ज्या जमिनीवरून चालावयाचें त्या जमिनीविषयीं बोलत नाहीं. आगगाडीच्या बाबतींत असें होत नाहीं, कारण रूळ घातल्यावांचून आगगाडी हलतच नाहीं. मोटारीची गोष्ट निराळी. ती जन्मास आली तेव्हां तिला साजेसा रस्ता जगांत फार थोड्या ठिकाणीं होता. यंत्र आधीं आलें, रस्ता मागून आला. हा क्रम ध्यानांत ठेवला म्हणजे, श्रोतेहो, आज ज्या प्रवासाची हकीकत सांगावयाची आहे तिचा अर्थ नीट उमगेल.

१९०३ सालच्या मे महिन्याच्या १६ तारखेस दुपारीं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रॅन्सिस्को शहरांतून जॉर्ज वायमन नांवाचा पंचविशींतला तरुण एकटाच बाहेर पडला. त्याला पूर्व किनाऱ्यावरील न्यूयॉर्क गांठावयाचें होतें. अंतर सुमारें ३,८०० मैल. त्याचें वाहन म्हणजे 'कॅलिफोर्निया' जातीची मोटार-बायसिकल. हल्लीं ज्याला आपण फटफटी म्हणतों तिच्याशीं या वाहनाचें साम्य थोडें. साध्या पायगाडीच्या सांगाड्यांत सव्वा अश्वशक्तीचें इंजिन बसविलेलें, इंजिनाची गति मागच्या चाकास पोंचविण्यासाठीं चामड्याचा पट्टा, आणि पाय मारण्याचीं पॅडलें जशींच्या तशीं ठेवलेलीं. वजन सुमारें ८० ते ९० पौंड. सोबत उबदार कपडे, पाण्याची बाटली, तेलाचे व पेट्रोलचे डबे, हत्यारें, एक लहान कॅमेरा आणि एक रिव्हॉल्व्हर. आदल्याच वर्षीं त्यानें अशाच वाहनावरून सिएरा नेवाडा पर्वत ओलांडून रीनो गांव गांठलें होतें, आणि त्याच प्रवासानें सबंध खंड ओलांडण्याची ईर्षा त्याच्या मनांत उत्पन्न केली होती.

आतां त्या काळच्या अमेरिकेंतील रस्त्यांकडे पाहूं. १९०४ सालीं तेथील सरकारनें देशांतील ग्रामीण रस्त्यांची मोजणी केली. साडेएकवीस लाख मैलांचे रस्ते भरले. परंतु त्यांपैकीं ज्यांवर खडी किंवा तत्सम कांहीं घातलें होतें असे रस्ते अवघे दीड लाख मैलांच्या घरांत, म्हणजे शंभरांत सात. बाकी सारी माती. उन्हाळ्यांत धुळीचा लोट, पावसांत चाकाच्या आंसापर्यंत चिखल. वऱ्हाडांतल्या काळ्या रानांतून भर आषाढांत ज्यानें बैलगाडी हांकली आहे त्याला या चिखलाचें वर्णन करून सांगावयास नको. शिवाय मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस हे मातीचे रस्तेहि एका गांवाहून दुसऱ्या गांवापर्यंतचेच. खंडाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकास नेणारा रस्ता असा नव्हताच. शहराबाहेर लांबच्या प्रवासास लोक आगगाडीनें जात, त्यामुळें रस्त्याची उणीव फारशी कोणास भासतहि नसे.

मग वायमन गेला कसा? तो रुळांवरून गेला. १८६९ सालीं पूर्व-पश्चिम लोहमार्ग सांधला गेला होता, आणि खंडांतून सलग जाणारी वाट म्हणावी अशी ती एकच होती. वाळूंत आणि चिखलांत चाक रुतूं लागलें कीं वायमन आपली गाडी उचलून लोहमार्गावर चढवी आणि दोन रुळांमधल्या लांकडी स्लीपरांवरून हांकूं लागे. प्रत्येक स्लीपरागणिक एक हादरा. असे मैलाला दोन-तीन हजार हादरे! मागून गाडीची शिटी ऐकूं आली कीं यंत्रासकट बाजूस उतरावयाचें. सिएरा पर्वतांत बर्फापासून लोहमार्गाचें रक्षण व्हावें म्हणून मैलोगणती लांकडी छपरें उभारलेलीं होतीं. त्यांच्या आंत दिवसाहि काळोख, इंजिनांचा कोंडलेला धूर आणि समोरून गाडी येईल ही धास्ती. पुढें नेवाडाचें वाळवंट लागलें. तेथेंहि पाणी, अन्न आणि मनुष्यवस्ती हीं रुळांच्या कांठानेंच सांपडत. त्यामुळें लोहमार्ग सोडणें म्हणजे जीव धोक्यांत घालणें होतें. सबंध प्रवासाचा फार मोठा भाग त्यानें असाच रुळांच्या आधारानें पुरा केला. मोटारीच्या युगाचा हा पहिला खंडप्रवासी आगगाडीच्या युगाच्या पाठीवर बसून गेला, असें म्हटल्यास तें अतिशयोक्तीचें होणार नाहीं.

या धक्क्यांनीं माणूस टिकला, पण यंत्र खिळखिळें झालें. चामडी पट्टा वारंवार तुटे. शिकागोच्या सुमारास इंजिनांतील क्रॅंकचा दांडाच मोडला आणि नवा दांडा मिळेपर्यंत त्या शहरांत कांहीं दिवस मुक्काम पडला. पूर्वेकडील वाटा तुलनेनें बऱ्या होत्या. परंतु न्यूयॉर्क शहर सुमारें १५० मैलांवर राहिलें असतांना ऑल्बनीजवळ इंजिनानें कायमचा राम म्हटला. तेव्हां वायमननें पॅडलांवर पाय ठेवले आणि तें जड धूड पायांच्या बळावर रेटीत तो ६ जुलै रोजीं न्यूयॉर्कांत शिरला. मोटार-वाहनानें अमेरिका खंड ओलांडणारा तो पहिला मनुष्य. प्रवासास लागलेले दिवस एक्कावन्न.

आणि तरीहि त्याचें नांव फारसें कोणाच्या ओठीं नाहीं. याच वर्षीं २३ मे रोजीं डॉक्टर होरेशियो जॅक्सन हे, ५० डॉलरांच्या एका पैजेपायीं, सॅन फ्रॅन्सिस्कोहूनच विंटन मोटारीनें निघाले. त्यांच्याबरोबर सोबतीस एक यंत्रज्ञ होता, आणि वाटेंत घेतलेला व डोळ्यांवर चष्मा चढविलेला एक कुत्राहि होता. ते २६ जुलै रोजीं, म्हणजे वायमननंतर वीस दिवसांनीं, न्यूयॉर्कास पोंचले. लोकांच्या स्मरणांत राहिली ती मोटार, ती पैज आणि तो कुत्रा. वायमननें आपली हकीकत त्याच सालीं एका नव्या मोटारसायकल-मासिकांत क्रमशः लिहिली. परंतु पुढें घरोघर आली ती चारचाकी मोटार, आणि स्मारकेंहि बहुधा जेत्याच्या सोयीनेंच उभीं राहतात. वायमन १९५९ सालीं वारला.

यानंतर रस्ते आले. १९१३ सालीं समुद्रापासून समुद्रापर्यंतच्या लिंकन महामार्गाची घोषणा झाली. १९१६ सालीं मध्यवर्ती सरकारनें रस्त्यांसाठीं राज्यांना पैसा देण्याचा कायदा केला. १९५६ च्या कायद्यानें देशभर रुंद राजरस्त्यांचें जाळें विणण्यास आरंभ झाला. वायमनला एक्कावन्न दिवस लागलेलें अंतर आज मोटारसायकलस्वार आठवड्याच्या आंत सहज तोडतो. असें असूनहि शेंकडों स्वार मुद्दाम डांबरी रस्ता टाळतात. सॅम कोरेरो नांवाच्या एका गृहस्थानें मातीच्या आडवाटा वर्षानुवर्षें हुडकून 'ट्रान्स-अमेरिका ट्रेल' नांवाचा सुमारें ५,००० मैलांचा मार्ग आंखला. रानांतून, पर्वतांतून, ओढ्यांतून जाणाऱ्या त्या वाटेवर कित्येकजण आज एकटेच निघतात, आणि तेथील सृष्टिशोभा व एकांत यांचे गोडवे गातात.

त्यांना हंसण्याचें कारण नाहीं. तीच माती, तोच डोंगर. पण वायमनला जो अडथळा होता तो या मंडळींना विसावा आहे. मातीच्या वाटेचें सौंदर्य दिसूं लागण्यास जवळपास कोठें तरी पक्का रस्ता असावा लागतो, आणि चाक अगदींच रुतलें तर संध्याकाळपर्यंत त्या रस्त्यास लागतां येईल एवढी खात्री असावी लागते. ही खात्री नसतांना जो निघाला, त्याला पॅडलें काढून टाकण्याची चैन परवडली नसती.