मुका मार

आपल्याकडे एक फार नेमका शब्द आहे : मुका मार. रक्त नाही, जखम नाही, हाड मोडलेले नाही, पण माणूस आतून दुखावलेला. उर्दूत याला ‘अंदरूनी चोट’ म्हणतात, ते फक्त वर्णन झाले. ‘मुका’ म्हणताना मराठीने पुढचेही सांगून टाकले आहे. असा मार स्वतःबद्दल बोलत नाही, आणि जो बोलत नाही त्याचा दावा कोण ऐकणार? कायद्याच्या इतिहासात हा प्रश्न वारंवार आला आहे. त्यातले एक प्रकरण प्रत्येक मोलमजुराच्या मुलाने शाळेत शिकायला हवे, पण पाठ्यपुस्तकात ते मला कधी दिसले नाही.

गोष्ट आग्र्याची, साल 1875. फुलर नावाचा एक इंग्रज वकील रविवारी सकाळी कुटुंबासह चर्चला निघाला होता. गाडी दाराशी आली, पण मोतद्दार वेळेवर हजर नव्हता. त्याचे नाव कटवारू. तो आल्यावर फुलरने त्याच्या डोक्यातोंडावर उघड्या हाताने मारले आणि केस धरून ओढले, तसा तो खाली पडला. फुलर कुटुंब चर्चला गेले. कटवारू उठला, शेजारच्या आवारापर्यंत कसाबसा गेला आणि तिथेच मेला.

शवचिकित्सेत कळले की त्याची पानथरी फुटली होती.

पानथरी म्हणजे प्लीहा, उर्दूत तिल्ली. डाव्या बाजूला, खालच्या बरगड्यांच्या आड दडलेला हा अवयव निरोगी असेल तर हाताला लागत नाही. हिवतापाने वारंवार पछाडलेल्या माणसात तो फुगतो, बरगडीखाली उतरतो आणि नाजूक होतो. त्या काळी हे इतके सर्वत्र होते की एखाद्या गावात हिवताप किती, हे मोजायला डॉक्टर मुलांची पोटे चाचपून वाढलेल्या पानथऱ्या मोजत. अशी पानथरी हलक्या धक्क्यानेही फुटू शकते. मग पोटात रक्तस्राव होतो आणि बाहेर थेंबही दिसत नाही.

मॅजिस्ट्रेट लीड्स यांनी फुलरला केवळ दुखापत केल्याबद्दल दोषी धरले. शिक्षा तीस रुपये दंड, न भरल्यास पंधरा दिवस साधी कैद. दंडाची रक्कम कटवारूच्या विधवेला द्यावी, असाही हुकूम झाला. एका फुटलेल्या पानथरीची भरपाई म्हणून सरकारी कागदावर नोंदलेला हा आकडा. अलाहाबाद हायकोर्टाला शिक्षा सौम्य वाटली, पण हस्तक्षेप करण्याइतकी नाही.

1860 च्या दंडसंहितेत मनुष्यवधाच्या कलम 299 खाली एक स्पष्टीकरण होते : आधीच आजारी माणसाला इजा करून कोणी त्याचा मृत्यू लवकर ओढवला, तर तो मृत्यू त्यानेच घडवला असे मानायचे. म्हणजे ‘त्याची पानथरी आधीच खराब होती’ एवढे म्हणून सुटका नव्हती. पण त्याच कलमाला हेतू किंवा जाणीवही लागत असे. साहेबाला नोकराच्या पोटात काय आहे हे कुठे ठाऊक, या फटीतून बरेच साहेब सुटले. फुलर काही एकटा नव्हता.

जुलै 1876 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी या निकालावर जाहीर नाराजी नोंदवली, लीड्स यांना ठपका दिला आणि क्षुल्लक कारणावरून नोकरांवर हात टाकण्याच्या गोऱ्यांच्या सवयीवर टीका केली. इंग्रजी वर्तमानपत्रे भडकली. हेच लिटन दोन वर्षांनी देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची तोंडे बंद करणारा कायदा घेऊन आले. त्यामुळे त्यांची फार आरती ओवाळायचे कारण नाही. पण टिपण चांगले होते, हे मान्य करावे लागते.

मला सलते ती दुसरीच बाब. 1855 पासून भारतात प्राणघातक अपघातांचा कायदा होता. दुसऱ्याच्या चुकीने माणूस मेला तर त्याची पत्नी, मुले, आईवडील भरपाईचा दिवाणी दावा करू शकत. म्हणजे कटवारूच्या विधवेला वीस वर्षे जुना कायदा उपलब्ध होता. पण तो वापरायला वकील लागतो, आणि इथे मारणाराच वकील!

त्याआधी काय होते? मुघल काळातील काझी ज्या हनफी फिक्हनुसार निवाडा करत, त्यात दियतची सविस्तर मोजदाद होती. पोटाच्या किंवा छातीच्या पोकळीपर्यंत पोहोचलेल्या जखमेला ‘जाइफा’ म्हणत, आणि तिची भरपाई पूर्ण दियतच्या एक तृतीयांश ठरलेली होती. श्रवण, दृष्टी, अक्कल गेली तर त्याचाही हिशेब होता. पण कातडी न फाटता आत काही बिघडले तर ते जाइफात बसत नसे. ज्या इजेचा ठरीव दर नाही तिची रक्कम काझीने जाणकारांच्या मदतीने ठरवायची, त्याला ‘हुकूमत-ए-अदल’ म्हणत. आपल्या बांधवांना ‘आमच्याकडे सगळे आधीच होते’ म्हणायची हौस असते, म्हणून सांगतो, मुक्या माराची अडचण तिथेही सुटलेली नव्हती. फक्त ती ओळखलेली होती.

1923 च्या कामगार भरपाई कायद्यानेही तेच केले. मुंबईच्या गिरणी कामगारांत काम करणारे नारायण मल्हार जोशी तेव्हा मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांची बाजू मांडत होते. कायदा 1 जुलै 1924 पासून लागू झाला. मृत्यूला तीस महिन्यांचा पगार किंवा अडीच हजार रुपये, यांपैकी कमी असेल ते. पहिल्या परिशिष्टात अवयवांचा तक्ता : उजवा हात कोपरापासून गेला तर 70 टक्के, एक डोळा 30, अंगठा 25, तर्जनी 10. त्यात पानथरी, यकृत, मूत्रपिंड, आतडे नाहीत. तक्त्याबाहेरच्या इजेने कमावण्याची ताकद कायमची किती घटली, ते सिद्ध करायचे. आणि शेतमजूर तर त्या कायद्याच्या बाहेरच.

आमच्या पेठ तालुक्यात हा प्रश्न ओळखीचा आहे. भात कापून झाला की माणसे पिकअपमध्ये उभ्याने भरून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे जातात, काही धरमपूर-वलसाडकडे उतरतात. सावळघाट, कोटंबी घाट ही नावे इथल्या मुलांना अपघातांमुळेच आधी कळतात. गाडी कलंडली की हात मोडलेल्याला दवाखान्यात नेतात. ज्याला नुसता पोटात दांडा लागला, तो ‘मला काही झालं नाही’ म्हणून घरी येतो. पानथरीची इजा काही वेळा तासांनी, कधी दिवसांनीही फुटून जीव घेते. डाव्या खांद्यात उगाच कळ येणे, चक्कर, अंग थंड पडणे ही तिची चिन्हे. सोनोग्राफीत पोटातले रक्त दिसते, पण त्यासाठी आधी कोणीतरी तिथवर न्यायला हवे.

आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील असेच वाचले, पानथरी काढावी लागली. पहिल्या दिवशीच्या केसपेपरवर मात्र फक्त ‘किरकोळ खरचटले’ एवढेच लिहिलेले. पुढे दाव्यात विरुद्ध बाजूने तोच कागद नाचवला. मग दुसरा मुद्दा आलाच : याला आधीपासून हिवताप होता. आग्र्याची युक्ती आमच्या तालुक्यापर्यंत पोहोचली होती.

मोटार अपघातांसाठी वेगळे न्यायाधिकरण 1956 च्या दुरुस्तीने आले, सध्याचा कायदा 1988 चा. ऑक्टोबर 2010 मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईतली घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाखल्यावरचा आकडा जसाच्या तसा उचलायचा नाही, तो माणूस काय काम करत होता आणि आता काय करू शकतो, हे बघायचे. पानथरी गेलेला कारकून खुर्चीवर बसू शकतो. पाठीवर द्राक्षाचे क्रेट वाहणाऱ्याचे पोट चिरले गेले की हिशेब निराळा. उपचार करणाऱ्या डॉक्टरची साक्ष म्हणूनच मोलाची.

म्हणून पहिल्याच दिवशी डॉक्टरांना अपघात झाल्याचे स्पष्ट सांगा, पोटाला मार लागल्याची नोंद करून घ्या आणि पोलिसांकडे जबाब द्या. अपघात गुजरातेत झाला तरी दावा आपण राहतो त्या भागातील न्यायाधिकरणात, म्हणजे आपल्यासाठी नाशिकला दाखल करता येतो. मात्र 1 एप्रिल 2022 पासून त्याला अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत आहे.