पडदे, तारा आणि सवयीचा हात : तंजावूरच्या तंतुवाद्यांची घडण

तंजावूरचा राजवाडा सोळाव्या शतकात नायक राजांनी उभारायला घेतला. १६७६ च्या सुमारास तो व्यंकोजी भोसले यांच्या हाती आला आणि पुढे १८५५ पर्यंत तिथे मराठ्यांचा दरबार भरत राहिला. सरस्वती महाल ग्रंथालय आणि नायककालीन संगीत महाल याच आवारात आहेत. या राजवाड्याच्या आणि त्याच्या आसपासच्या गावांच्या आश्रयाने तीन तंतुवाद्यांना नवे रूप मिळाले. वीणेचे पडदे कायमचे बसवले गेले, व्हायोलिन वेगळ्या स्वरांत लावून जमिनीवर बसून वाजवले जाऊ लागले आणि वीणेचे पडदे काढून गोटुवाद्य तयार झाले. या तिन्ही बदलांमागची गरज एकच होती. गायकीत आणि वीणेवर मुरलेल्या हाताला आपली वळणे न सोडता दुसरे वाद्य वाजवता यायला हवे होते. तंजावूरच्या कलावंतांनी हाताची सवय मोडली नाही, वाद्यच बदलले.

वीणेचे चोवीस पडदे

दक्षिणेतील वीणांचे सविस्तर वर्णन विजयनगरच्या रामामात्याने १५५० मध्ये लिहिलेल्या ‘स्वरमेलकलानिधी’त आढळते. त्याने वीणांचे दोन प्रकार सांगितले आहेत. पहिल्या प्रकारात विशिष्ट रागाला लागतील तेवढेच पडदे असत, तर दुसऱ्यात सगळ्या रागांचे स्वर मिळतील असे पडदे असत. पहिल्या प्रकारच्या वीणेवर राग बदलला की पडदे हलवावे लागत. एका बैठकीत अनेक राग वाजवणाऱ्याला ते गैरसोयीचे होते.

ही अडचण तंजावूरमध्ये कायमची सुटली. प्रत्येक सप्तकाला बारा याप्रमाणे दोन सप्तकांचे चोवीस पडदे मेणात पक्के बसवण्याचे श्रेय रघुनाथ नायकाला (राज्यकाळ १६०० ते १६३४) आणि त्याचा मंत्री गोविंद दीक्षित याला परंपरेने दिले जाते. दीक्षितांचा मुलगा व्यंकटमखी याने ‘चतुर्दण्डिप्रकाशिका’ हा ग्रंथ विजयराघव नायकाच्या काळात लिहिला. त्याची सुरुवात वीणेच्या प्रकरणाने होते आणि बारा स्वरस्थानांच्या हिशेबातून पुढे बहात्तर मेलांची, म्हणजे रागांच्या मूळ स्वरसमूहांची, मांडणी येते. पडद्यांची जागा पक्की झाल्यामुळे रागांचे वर्गीकरणही बारा ठरावीक घरांवर उभे करता आले. मराठ्यांच्या काळातही शास्त्राकडे असेच लक्ष राहिले. तुळजाजी पहिला (१७२८ ते १७३६) याच्या नावावर ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत ग्रंथ आहे.

लाकूड, मेण आणि तारा

तंजावूरची वीणा फणसाच्या लाकडाची असते. त्यासाठीचे लाकूड मुख्यतः पनरुटी भागातून येते. पोकळ कोरलेली कुडी, दांडी आणि टोकाचे याळी या काल्पनिक प्राण्याचे मुख हे तिचे मुख्य भाग होत. कुडी आणि दांडी एकाच ओंडक्यातून कोरलेली वीणा सर्वांत मोलाची मानतात, कारण तिच्यात सांधा नसतो. दांडीखाली दुसरा भोपळा लावतात, पण नादापेक्षा त्याचा आधार म्हणूनच जास्त उपयोग होतो. मिरजेच्या तंबोऱ्याची आणि सतारीची तुंबी भोपळ्याची असते. तंजावूरचा तंबोरा मात्र वीणेप्रमाणेच फणसाच्या लाकडात कोरतात.

वीणेला चार वाजत्या तारा असतात. सारणी, पंचम, मंद्र आणि अनुमंद्र अशी त्यांची नावे असून पहिल्या दोन पोलादी, तर खालच्या दोन जाड व पितळी असतात. बाजूला तालाच्या तीन तारा असतात आणि त्या करंगळीने छेडतात. दोन लाकडी पट्ट्यांवर मेण आणि कोळशाची पूड यांचे मिश्रण थापून त्यावर पितळी पडदे बसवलेले असतात. पडदे उंच असल्याने तार लाकडाला टेकत नाही आणि ती बाजूला ओढून एकाच पडद्यावर तीन-चार स्वर चढवता येतात. कर्नाटक संगीतातील गमक, म्हणजे स्वराला दिलेले आंदोलन, या ओढीवर उभे आहे. पोलादी तार ताणली की तिच्यातला ताण झपाट्याने वाढतो, म्हणून स्वरही पटकन चढतो. वीणावादकाच्या डाव्या हाताच्या बोटांना पडणारे घट्टे याच तारेचे असतात.

सरफोजींचा काळ आणि व्हायोलिन

तंजावूरचे राजे दुसरे सरफोजी (१७९८ ते १८३२) यांच्यावर जर्मन मिशनरी ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्झ यांच्या शिक्षणाचे संस्कार होते. सरफोजींच्या पदरी युरोपीय वाद्यांचा बँड होता आणि पाश्चात्त्य स्वरलिपीतील वह्या सरस्वती महालात जमल्या. राजाच्या आवडीमुळे परदेशी वाद्ये दरबारातल्या कलावंतांच्या हाताशी आली.

त्यांपैकी व्हायोलिन टिकून राहिले. रचनाकार मुथुस्वामी दीक्षितर यांचे धाकटे बंधू बालुस्वामी दीक्षितर (१७८६ ते १८५९) हे वाद्य मद्रासजवळच्या मणली येथे शिकले. सरफोजींच्या दरबारातील ‘तंजावूर चतुष्टय’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चार बंधूंपैकी वडिवेलु (जन्म १८१०) यांनीही ते आत्मसात केले. पुढे वडिवेलु त्रावणकोरचे राजे स्वाती तिरुनाळ यांच्याकडे गेले आणि १८३४ मध्ये त्यांना हस्तिदंती व्हायोलिन भेट मिळाले.

व्हायोलिनला पडदे नसल्याने गमक निर्वेध घेता येते आणि गजामुळे स्वर हवा तितका लांबवता येतो. वीणेवर छेडलेला स्वर विरत जातो, इथे तो गळ्यासारखा टिकतो. तरीही वाद्य आहे तसे स्वीकारले गेले नाही. युरोपात चारही तारा एकमेकींपासून पंचमाच्या अंतरावर लावतात. दक्षिणेत त्या षड्ज, पंचम, षड्ज, पंचम अशा लागतात, त्यामुळे गायकाचा आधारस्वर आणि त्याचा पंचम मोकळ्या तारांवर मिळतात. उभे राहून हनुवटीखाली वाद्य धरण्याऐवजी मांडी घालून बसायचे, वाद्याची मागची बाजू छातीशी टेकवायची आणि त्याचे टोक उजव्या पावलाजवळ ठेवायचे, अशी बैठक रूढ झाली. वाद्याचा भार पायावर गेल्याने डावा हात मोकळा झाला आणि तारेवरून लांबवर सरकू लागला. लाकूड, घोडी, गज यांत फरक झाला नाही. तारांचे स्वर आणि धरण्याची पद्धत बदलताच वाद्य गायकीचे झाले.

पडदे काढून गोटुवाद्य

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वेगळ्या दिशेचा प्रयोग झाला. तंजावूरच्या मराठी समाजातील श्रीनिवास राव आणि त्यांचे पुत्र तिरुविडैमरुदूरचे सखाराम राव यांनी पडदे नसलेली वीणा लाकडी दांडूने वाजवण्याची रीत पुढे आणली. ते गोटुवाद्य आज चित्रवीणा म्हणून ओळखले जाते. डाव्या हातातील दांडू तारांवरून सरकवायचा आणि उजव्या हाताने छेडायचे, असे त्याचे वादन असते. वीणेवर तार ओढून चढणारे स्वर इथे सरकत्या दांडूने मिळतात. ओढीला मर्यादा असते, सरकण्याला नसते. सखाराम रावांकडे सेम्मनगुडी श्रीनिवास अय्यर यांच्यासारखा पुढे नावाजलेला गायकही शिकला. याच वेळी हवाई बेटांवर गिटारच्या तारांवर पोलादी कांब सरकवण्याची पद्धत रुजत होती. तिच्यातून आलेले गिटार विसाव्या शतकात ब्रिजभूषण काबरा आणि विश्वमोहन भट्ट यांनी रागसंगीतासाठी घडवून घेतले.

तारेचा प्रश्न : नायलॉन आणि पोलाद

सवयीच्या हाताला दुसरे वाद्य जुळवून देण्याचा प्रश्न गिटारवादकांपुढेही आला. अभिजात गिटारला पूर्वी आतड्याची तात लावत. दुसऱ्या महायुद्धात तातेचा तुटवडा पडल्यावर न्यूयॉर्कचे कारागीर अल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा केल्या आणि गिटारवादक आंद्रेस सेगोव्हिया यांनी त्या वापरल्या. पोलादी तारांचे गिटार अमेरिकेत त्याआधीच पसरले होते.

या दोन गिटारांत फक्त तार वेगळी नसते. नायलॉनच्या गिटारची बोटपट्टी सपाट आणि सुमारे ५२ मिलिमीटर रुंद असते, तर पोलादी गिटारची अरुंद आणि किंचित गोलाई असलेली. नायलॉनच्या तारांचा एकूण ताणही बराच कमी असतो. म्हणून पोलादी तारांवर तयार झालेल्या वादकाला नायलॉनचे गिटार मऊ, रुंद आणि परके वाटते. त्यावर तोडगा म्हणून कारखान्यांनी नायलॉनच्या तारा ठेवून मान अरुंद, बोटपट्टी गोलाईदार आणि मानेचा सांधा बाराव्याऐवजी चौदाव्या पडद्याजवळ अशी गिटारे काढली. १९८२ मध्ये गिब्सन कंपनीने गिटारवादक चेट अ‍ॅटकिन्स यांच्यासाठी बनवलेले नायलॉन तारांचे विद्युत गिटार या वाटेवरचे महत्त्वाचे पाऊल होते.

एक गोष्ट मात्र मान अरुंद करून मिळत नाही. नायलॉन सहज लांबते, त्यामुळे तार बाजूला ओढली तरी ताण थोडाच वाढतो आणि स्वर फारसा चढत नाही. ओढीच्या गमकावर उभ्या असलेल्या कर्नाटक शैलीला म्हणूनच धातूची तार सोयीची पडते. यू. श्रीनिवास यांनी मेंडोलिनवर आणि गिटारवादक प्रसन्न यांनी गिटारवर ही शैली धातूच्या तारांनीच वाजवली.

आजचा व्यवसाय

तंजावूर वीणेला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला ते २०२४ मध्ये मिळाले. लाकूड वाळवण्यापासून पडदे बसवण्यापर्यंतचे काम अजूनही हातानेच होते. प्रवासाला सोयीच्या लहान वीणा आणि विजेवर चालणाऱ्या वीणाही आता मिळतात, आणि दांडीखालच्या भोपळ्याची जागा हलक्या कृत्रिम पदार्थांनी घेतली आहे. मेण मात्र पूर्वीचेच आहे. उन्हाळ्यात ते मऊ पडते, पडदे हलतात आणि काही काळाने नव्याने बसवावे लागतात. त्या वेळी कारागीर स्वर कानाने पारखतो, वादक तार किती ओढतो ते पाहतो आणि त्याप्रमाणे पडद्याची उंची ठरवतो. पडद्यांची जागा पक्की करणारा तो मेणाचा थर वादकाच्या हातानुसार बदल करण्याची मुभाही देतो.