हॉर्नबी रस्त्याच्या कमानी

नवी इमारत कशी असावी हे सांगण्याचा अधिकार नगरशासनाला असावा काय, हा वाद आपल्याला अलीकडचा वाटतो. मुंबईपुरते बोलायचे तर तो शंभराहून अधिक वर्षांचा आहे.

१८६०च्या दशकात किल्ल्याचा तट पाडला गेला आणि हॉर्नबी रस्ता, म्हणजे आजचा दादाभाई नौरोजी मार्ग, रुंद झाला. पुढे १८८५ ते १९१९ या काळात त्याच्या दुतर्फा भव्य इमारती उभ्या राहिल्या. १८९६च्या सरकारी नियमाने तेथे तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची मार्गिका सक्तीची केली. वरचे मजले कोणी गॉथिक वळणाचे बांधले, कोणी इंडो-सारासेनिक. खाली मात्र सलग सावली राहिली. सौंदर्य म्हणजे काय, हे त्या नियमाने सांगितले नाही. इमारतीने रस्त्याला काय दिले पाहिजे, एवढेच सांगितले. त्याचे शहाणपण आम्हांला यातच दिसते.

पण हे शहाणपण किती गल्ल्यांपर्यंत पोहोचले? त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, तेथून फार दूर नसलेल्या मांडवीत प्लेग प्रकटला. हवा-उजेड नसलेल्या दाट वस्त्यांकडे शासनाचे लक्ष गेले ते साथीनंतर. १८९८ साली सुधार न्यास स्थापन झाला. त्याने रुंद रस्ते काढले, आणि त्यांपायी अनेक गरिबांची घरे पाडली.

१९९५ साली मुंबईत वारसा नियमावली आली; देशातील ती पहिली. सूचीतील वास्तूंमधल्या बदलांविषयी तज्ज्ञांची समिती महापालिका आयुक्तांना सल्ला देऊ लागली. दादाभाई नौरोजी मार्गावरील दर्शनी भाग झाकणाऱ्या दुकानांच्या पाट्यांना शिस्त लावण्याचे कामही झाले, आणि २००४ साली युनेस्कोने त्या प्रकल्पाला गौरविले. हे मोलाचे आहे. तरीही एक फरक नोंदवला पाहिजे. कमानींचा नियम बांधणाऱ्या प्रत्येकाला आधीच ठाऊक होता. समितीचे मत एकेका प्रस्तावागणिक ठरते, आणि ते मुख्यतः जुन्याच्या रक्षणासाठी असते. सूचीबाहेर उभ्या राहणाऱ्या नव्या मनोऱ्याने पदपथाला काय द्यावे, हा प्रश्न त्या समितीच्या कक्षेत सहसा येत नाही.

म्हणून आराखड्याची परीक्षा करणाऱ्यांनी इमारतीच्या शैलीआधी एक साधी गोष्ट विचारावी असे आम्हांला वाटते: या इमारतीत ज्याचे घर नाही, दुकान नाही, त्या वाटसरूला तिच्याकडून काय मिळणार?