रक्ततपासणीपूर्वी उपाशी राहणे केव्हा आवश्यक?

रक्ततपासणी म्हटली की आदल्या रात्रीपासून अन्न वर्ज्य, असा समज देशभर रूढ आहे. प्रत्यक्षात उपाशीपोटी रक्त देण्याची अट मोजक्याच चाचण्यांना लागू होते. ती सरसकट पाळणाऱ्या बहुतेकांना केवळ गैरसोय सोसावी लागते. इन्सुलिन अथवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेही रुग्णांना मात्र ती धोक्याची ठरू शकते.

जेवणानंतर रक्तातील ग्लुकोज आणि ट्रायग्लिसराइड या स्निग्ध घटकाचे प्रमाण वाढते. उपाशी राहण्याच्या अटीचे मूळ मुख्यतः यातच आहे. उपाशीपोटीच्या साखरेची चाचणी करताना किमान ८ तास पाण्याखेरीज काहीही घ्यावयाचे नसते. अशा वेळी साखर प्रति डेसिलिटर १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक आढळल्यास आणि फेरतपासणीत त्यास दुजोरा मिळाल्यास मधुमेहाचे निदान केले जाते. न्याहरी करून दिलेल्या रक्ताला हा निकष लावता येत नाही. जेवणानंतरच्या साखरेसाठी सांगितलेले २ तास जेवणाच्या पहिल्या घासापासून मोजावयाचे असतात, हात धुतल्यापासून नव्हे. त्या दिवशी मुद्दाम कमी जेवणारे रुग्णही आढळतात. त्यामुळे अहवाल चांगला येतो, पण उपचारांची दिशा चुकते.

मागील २ ते ३ महिन्यांतील साखरेची सरासरी पातळी दर्शविणारी एचबीए१सी ही चाचणी दिवसाच्या कोणत्याही वेळी, जेवण झालेले असतानाही करता येते. तिचे प्रमाण ६.५ टक्के किंवा अधिक असणे हा मधुमेहाचा निकष जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मान्य केला. मात्र रक्तक्षय, थॅलेसेमिया अथवा सिकलसेल असलेल्या व्यक्तींमध्ये या चाचणीचा निष्कर्ष फसवा ठरू शकतो. विदर्भासह मध्य भारतातील अनेक आदिवासी भागांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय असल्याने तेथे ही बाब विशेष ध्यानात घ्यावी लागते.

कोलेस्टेरॉलच्या तपासणीबाबतचे मत गेल्या काही वर्षांत बदलले आहे. पूर्वी त्यासाठी १२ तास उपाशी राहणे अनिवार्य मानले जाई. एलडीएल हे घातक कोलेस्टेरॉल थेट न मोजता १९७२ मध्ये मांडण्यात आलेल्या फ्रीडवाल्ड सूत्राने काढले जाते आणि त्या सूत्रात ट्रायग्लिसराइडचा आकडा वापरावा लागतो, हे त्याचे एक कारण होते. तथापि, नेहमीच्या जेवणाने हे आकडे फारसे बदलत नाहीत, असे आढळून आले. डेन्मार्कने २००९ पासून उपाशी राहण्याची अट शिथिल केली आणि २०१६ मध्ये युरोपातील तज्ज्ञ संस्थांनी संयुक्त निवेदनाद्वारे तशीच शिफारस केली. ट्रायग्लिसराइड ४०० मिलिग्रॅमच्या वर गेल्यास मात्र उपाशीपोटी पुन्हा तपासणी करणे इष्ट ठरते. आपल्याकडील अनेक प्रयोगशाळा आजही जुन्याच सूचना देतात. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी उपाशीपोटीचा नमुना मागितला असेल तर तो तसाच द्यावा, हे ओघाने आलेच.

रक्तातील पेशींची संपूर्ण गणना, हिमोग्लोबिन, रक्तगट, क्रिएटिनिन आणि थायरॉइडची टीएसएच चाचणी यांसाठी सामान्यतः उपाशी राहावे लागत नाही. टीएसएचची पातळी दिवसभरात कमीअधिक होत असल्याने प्रत्येक वेळी साधारण एकाच सुमारास रक्त देणे अधिक उपयुक्त असते.

गर्भवतींच्या बाबतीत तर आरोग्ययंत्रणेने ही अट जाणीवपूर्वक दूर ठेवली आहे. दूरच्या गावाहून येणाऱ्या गर्भवतीस उपाशीपोटी बोलावणे व्यवहार्य नसते. त्यामुळे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिने शेवटचे जेवण केव्हा घेतले हे न पाहता ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून दिले जाते व २ तासांनी रक्त तपासले जाते. साखर १४० मिलिग्रॅम किंवा अधिक असल्यास गर्भावस्थेतील मधुमेह मानून उपचार सुरू होतात.

उपाशीपोट आणि उपवास यांत गल्लत होता कामा नये. साबुदाण्याची खिचडी, रताळी, दूध किंवा फळे एकादशीला चालत असली तरी प्रयोगशाळेच्या दृष्टीने ते जेवणच होय. संकष्टीला चंद्रोदयानंतर रात्री १० वाजता जेवलेल्या व्यक्तीचे सकाळी ७ पर्यंत ९ तास होतात. ते साखरेच्या चाचणीला पुरेसे असले तरी १२ तासांच्या अटीत बसत नाहीत. याउलट निर्जळी उपवासाचीही गरज नाही. साधे पाणी अवश्य प्यावे. शरीरात पाणी कमी असल्यास शीर सापडणे कठीण जाते. चहा, कॉफी, तंबाखू आणि धूम्रपान मात्र टाळावे. उपवास फार लांबविणेही योग्य नाही. गिल्बर्ट सिंड्रोम हा निरुपद्रवी दोष असलेल्यांमध्ये केवळ उपाशी राहिल्यानेही बिलिरुबिन वाढते आणि काविळीची नाहक शंका निर्माण होते.

खरी दक्षता औषधांबाबत हवी. मधुमेही रुग्णाने सकाळची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी रांगेत थांबल्यास साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरू शकते. घाम, थरथर, धडधड, गोंधळलेपणा ही त्याची लक्षणे असून वेळीच साखर न मिळाल्यास शुद्ध हरपू शकते. यास्तव उपाशीपोटीच्या तपासणीच्या दिवशी कोणते औषध केव्हा घ्यावे, हे डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारावे. सकाळचा डोस बहुधा रक्त दिल्यानंतर न्याहरीसोबत घेण्यास सांगितले जाते. रक्तदाबाच्या गोळ्या सहसा पाण्यासोबत नेहमीप्रमाणे घेता येतात. अशा रुग्णांनी सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी आणि साखर व डबा जवळ ठेवावा. लक्षणे जाणवू लागल्यास नमुना देण्याची वाट न पाहता तत्काळ साखर घ्यावी व तेथील कर्मचाऱ्यांना कळवावे. ती तपासणी दुसऱ्या दिवशीही करता येते.